टांग्यात कोण होतं?

ये इकडे, पोरी. अशी जवळ बस. पत्र लिहून कागदावर बोलतेय म्हणून तू तिकडे खाटेवर लोळत ऐकायचं, हे चालायचं नाही. आणि आताही एखादं पुस्तक फेकलं असशील तर ते आधी उचल जमिनीवरून. दिवाळीत इथे आली होतीस तेव्हाही एक असंच फेकलंस. म्हणे, "आजी, काय गं ही गोष्ट! शेवटच नाही. अर्ध्यात सोडून दिलीय." तोंड असं केलंस, जसं कुणी समोरचं ताट ओढून नेलं. एवढी शिकलीस आणि राग पुस्तकावर काढतेस? पुस्तकानं काय केलं? लिहिणाऱ्यावर काढावा. तुझ्या पणजीनं काढला होता. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण एका गोष्टीचा शेवट राहिला म्हणून तिनं भर उन्हात बैलगाडी जुंपायला लावली होती. तेवढं ऐक, मग हवं तर पुस्तक पुन्हा फेक.

तेव्हा माझं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. राज्य इंग्रजाचं होतं, पण आमच्या गल्लीत राज्य तुझ्या पणजीचं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई ओट्यावर येऊन बसल्या की समोरच्या घरातली कोंबडीसुद्धा रस्ता बदलायची. अंगानं एवढ्याशा, आवाज मात्र नदीपलीकडे जाणारा.

मला वाचता येतं हे त्या घरात कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. शाळेत मी गेलेच नाही. माहेरी धाकटा भाऊ पाटी घेऊन बसायचा आणि मी त्याच्यासमोर बसून भाजी निवडायचे. अक्षरं शिकले ती अशी समोरून, म्हणजे उलटी. अजून मला पुस्तक उलटं असलं की जास्त चांगलं वाचता येतं. हसू नकोस. तुझे आजोबाही पहिल्यांदा असेच हसले होते. मग त्यांनी मला एक पुस्तक आणून दिलं. शहाद्याला त्यांच्या ओळखीचे एक मास्तर होते, त्यांच्याकडून वाचायला म्हणून. निळ्या पुठ्ठ्याचं, गोष्टींचं.

माघ-फाल्गुनाचे दिवस होते. कापूस वेचून झाला होता. शेवटी जी बोंडं झाडावर नीट उमलत नाहीत ती आम्ही घरी आणायचो आणि दुपारी ओट्यावर बसून फोडायचो. नखं जायची, बोटं सोलायची, आणि काम असं कंटाळवाणं की बायका एकमेकींची उणीदुणी काढूनच ते संपवायच्या. आत्याबाई, शेजारची काकू, गल्लीतल्या दोघी-तिघी, आणि मी. एक दिवस मी ते पुस्तक मधोमध ठेवलं आणि बोंडं फोडता फोडता वाचायला लागले. पुस्तकाचं तोंड आत्याबाईंकडे, मी वाचतेय समोरून. आत्याबाईंना वाटलं पुस्तक त्यांच्यासाठीच मांडलंय, त्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही.

काकूनं घेतली. काकू म्हणजे तपकिरीची डबी आणि तिच्यामागे एक बाई. घरात आम्ही सगळ्या अहिराणी बोलणाऱ्या, पुस्तकातली मराठी आम्हाला सणाच्या लुगड्यासारखी वाटायची. काकू म्हणाली, "राजा नही, रानी नही, देव बी नही. मंग हाई कसानी कहानी व?"

मी म्हटलं, "काकू, या माणसांच्याच गोष्टी आहेत. दोन भाऊ आहेत, घराच्या मधे भिंत घालताहेत."

"ते तं मन्हा घरमा रोज दखस मी. पुस्तक कसाले पाहिजे?"

पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी काकूच येऊन बसली, आणि येताना मुठीत ज्वारीचे दाणे घेऊन आली. सोमवारची, शुक्रवारची कहाणी ऐकताना बायका हातात दाणे धरतात ना, तसे. कहाणी सुफळ झाली, सगळ्यांचं भलं झालं, की मग ते दाणे देवापुढे ठेवायचे. मधेच मूठ सोडायची नाही. मूठ सोडली की ऐकणारीच्या मनातलं काम अडतं.

मी म्हटलं, "अहो काकू, ही व्रताची कहाणी नाही."

"हात रिकामा ठेईसन कहानी ऐकतस का कोनी?" असं म्हणून तिनं सगळ्यांच्या डाव्या हातात दाणे दिले. आत्याबाईंनीही घेतले. आता एका हातानं बोंडं फोडायची म्हणजे काम निम्म्यावर आलं, पण ऐकणं दुप्पट झालं.

आणि तिथंच घोटाळा झाला. त्या पुस्तकातल्या गोष्टी होत्या नव्या धर्तीच्या, तू वाचतेस तशा. एका गोष्टीत नवरा-बायकोचा अबोला. शेवटी ती खिडकीतून झाडाकडे बघते. संपली. बायका मुठी धरून बसलेल्या.

"मंग?" काकू.

"संपली."

"काय दखस ती खिडकीमाईन?"

"झाड."

"झाडले काय व्हयनं?"

झाडाला काहीच झालं नव्हतं. पण मुठी सुटेनात, आणि मला चुलीकडे जायचं होतं. मग मी एक शेपूट जोडून दिलं. नवरा आला, म्हणाला चुकलो, ती म्हणाली जेवायला बसा, आणि त्यांचं जसं गोड झालं तसं सगळ्यांचं होवो. झालं! दाणे देवापुढे गेले, बायका घरी गेल्या. पुढं मला सवयच लागली. जिथं लिहिणारा थांबेल तिथून मी. भाऊ-भाऊ एक करायचे, रुसलेल्या सुना परत आणायचे. एकदा तर मेलेला म्हातारा काकूच्या हट्टापायी उठवून बसवला. आत्याबाई मात्र माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघायच्या. त्यांना कळायचं. कारण शेपूट जोडताना माझी पुस्तकी मराठी सुटायची आणि अहिराणी सुरू व्हायची.

आता तुला घरातली एक गोष्ट सांगायला हवी. तुझी आत्याआजी, म्हणजे माझी नणंद. एकुलती एक लेक आत्याबाईंची. तापीपलीकडे कोरीटला दिलेली. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली. आखाजीला लेकी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि आम्ही खापरावर पुरणाच्या पोळ्या करतो. त्या पोळ्या लाटायच्या नसतात, हातावर खेळवत खेळवत मोठ्या करायच्या आणि उपड्या खापरावर टाकायच्या. पोळीवरून बाईची परीक्षा. त्या दिवशी माझी पोळी कशी कोण जाणे, नागवेलीच्या पानासारखी पातळ उतरली. आणि आत्याबाई भर पंगतीत, सगळ्या गावकीसमोर, आपल्या त्या आवाजात म्हणाल्या, "दखा, वहूनी पोळी कशी पातळ शे! आनि हाई मन्ही आंडेरनी, जशी गोधडी!"

सगळे हसले. ती आंडेर, म्हणजे लेक, माझी नणंदही हसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं गाठोडं बांधलेलं. पुढच्या आखाजीला तुझे आजोबा मुऱ्हाळी म्हणून गेले. लेकीला माहेरी न्यायला जो जातो तो मुऱ्हाळी. तो आल्याशिवाय लेक येत नाही, आणि तो आला की सहसा थांबतही नाही. आजोबा परत आले ते रिकामी गाडी घेऊन. निरोप काय? "मायले सांग, मी गोधडी शिवी ऱ्हायनी. येवाले फुरसत नही." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तीच गोधडी.

आत्याबाई म्हणायच्या, "शिव म्हना, गावभरनी शिव!" आणि मग दिवसभर भांडी आपटायच्या. लेकीचं नाव घरात निघेना. माझ्या पोळ्या मी त्यानंतर मुद्दाम जाड करू लागले, तर त्यावरही बोलणी खाल्ली. रुसव्यानंतरची तिसरी आखाजी जवळ येत होती. यंदाही ती आली नाही, तर लोक म्हणणार लेक तुटली. आणि एकदा लोकांनी म्हटलं की माणसंही तसं मानू लागतात. आत्याबाईंना जेवण जात नव्हतं. तोंडानं काही बोलतील तर आत्याबाई कसल्या!

अशात त्या निळ्या पुस्तकातली टांग्याची गोष्ट निघाली. मी आधी वाचलेली नव्हती, नाहीतर पानं चिकटवून टाकली असती. एका शहरातली आई. तिची लेक रुसून गेलेली, कारण काहीतरी एवढंसं, शब्दाला शब्द लागलेला. आई रोज संध्याकाळी दारात उभी राहते. काकूची तपकीर थांबली. आत्याबाईंच्या हातातलं बोंड तसंच राहिलं. मी वाचत गेले, आता थांबणार तरी कशी? शेवटी पाऊस पडतोय, आईनं दार लोटून घेतलंय, आणि बाहेर एक टांगा येऊन थांबतो. घोड्याच्या गळ्यातले घुंगरू वाजतात. संपली.

"टांगा म्हंजे?" कुणीतरी विचारलं.

"एका घोड्याची गाडी. नंदुरबारच्या टेसनवर असते तशी."

"ते ऱ्हाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. "टांगामा कोन शे?"

मी पान उलटून पाहिलं, तिथं दुसरीच गोष्ट.

"आंडेरच व्हयी," काकू म्हणाली. "दुसरं कोन येई पानीपाऊसमा?"

"टांगा शेजारीना घरना बी व्हयी," दुसरी म्हणाली. तिला काकूनं कोपरानं ढोसलं.

मी लगेच सुरू केलं. दार उघडलं, लेक उतरली, मायच्या गळ्यात पडली... आत्याबाईंनी हात वर केला. "हाई तू तुन्हा मनमाईन सांगी ऱ्हायनी. पुस्तकमा काय शे ते सांग."

"पुस्तकात नाही लिहिलं, आत्याबाई."

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. त्यांच्याकडून ते सुलटंच होतं. शेवटच्या ओळीखाली पान निम्मं कोरं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इतली जागा कोरी शे! कागद सरना म्हनीसन थांबना असं बी नही. जागा व्हती, तरी नही लिखं?" असा राग मी त्यांना कधी आलेला पाहिला नव्हता, आणि मी बरेच पाहिले होते.

बाकीच्यांनी हळूच दाणे ठेवून दिले. आत्याबाईंनी मूठ सोडली नाही. ते दाणे त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. गोष्ट पुरी झाल्याशिवाय ठेवायचे नाहीत म्हणाल्या. भाकरी थापताना ती गाठ पिठात लोळायची, म्हैस पिळताना म्हैस ती चाटायची, पण सोडतील तर शपथ. आजोबांना बजावलं, शहाद्याला बाजाराला जाशील तेव्हा त्या मास्तरला विचार, टांग्यात कोण होतं.

आजोबा बिचारे विचारून आले. आम्ही सगळ्या ओट्यावर. काकू तर पाय धुवायलाही थांबू देईना त्यांना.

"मास्तर म्हणाले, ही नवी तऱ्हा आहे. लिहिणारा मुद्दाम सांगत नाही."

"मंग कोन सांगी?"

"मास्तर म्हणाले, शेवट ज्यानं त्यानं करायचा. ऐकणाऱ्यानं."

काकू कपाळाला हात लावून म्हणाली, "घ्या! लिखनारा निंघी गया, आनि काम आम्हले!"

सगळ्या खो-खो हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. पदराची गाठ चाचपत बसून राहिल्या. मास्तरांनी बोलण्याच्या ओघात काहीतरी शिकलेलं सांगितलं असेल, पण आमच्याकडे मास्तर जे म्हणतो ते करायचं असतं. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "शेवट मी करू ना? मंग जुप गाडी."

"कुठं?"

"कोरीटले."

अगं, तुला कळणार नाही हे केवढं होतं. आई लेकीच्या सासरी अशी उठून जात नसे. आणि लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं पाणीही पीत नसे. नणंदेला तेव्हा अजून मूल नव्हतं. काकू म्हणाली, "लोक काय म्हनतीन?" आत्याबाई म्हणाल्या, "लोकेसले सांग, पुस्तकमा लिखेल शे." ते तर लिहिलेलं नव्हतं, त्याचंच भांडण होतं! पण काकूला एवढं सुचलं नाही.

आजोबा बैलांपाशी, आत्याबाई मधे, मी मागे. पुस्तकही घेतलं, त्यांनीच घ्यायला लावलं, साक्षीला म्हणून. वाटभर त्या बोलायचं घोकत होत्या. आधी म्हणे, "तोंडवर सांगसू, मायवर रुसतस का?" बाभळीपर्यंत पोचलो तेव्हा ते "कशी शे व बेटी?" इथवर मऊ झालं होतं. तापीच्या उतारावर गाडी पाण्यात घातली आणि त्यांचा धीर गेला. "फिराव रे गाडी. ती मन्हं तोंड बी दखाव नही."

आजोबा म्हणाले, "माय, आते बैल पानीमा शेतस. पानीमा बैल फिरत नहीत." आणि मागे वळून माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पाणी बैलांच्या गुडघ्याएवढं होतं, फिरवायचे तर सहज फिरले असते.

कोरीटला नणंदेच्या दाराशी गाडी थांबली. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजल्या. दार लोटलेलं. आतून आवाज आला, "कोन शे?"

आणि तेव्हा माझ्या अंगावर काटा आला बघ. ही तीच गोष्ट होती, फक्त आई बाहेर आणि लेक आत.

आत्याबाई उतरेनात. गाडीत बसून राहिल्या, मान ताठ. नणंदेनं दार उघडलं, तिनं पाहिलं, तीही उंबऱ्यात तशीच. मायलेकी म्हणजे एकाच खापराच्या. आजोबा उगाच जुवाच्या दोऱ्या तपासायला लागले. मी पुस्तकाआड तोंड लपवलं.

"का उनी?" नणंदेनं विचारलं, का आलीस म्हणून.

"मुऱ्हाळीनं तू ऐकत नही," आत्याबाई म्हणाल्या. "म्हनीसन मीच मुऱ्हाळी व्हईसन उनू."

आई मुऱ्हाळी! हे कुणी पाहिलं होतं ना ऐकलं होतं. शेजारच्या बायका कुडावरून डोकावत होत्या, त्यातली एक फस्सकन हसली. नणंदेच्या ओठाचा कोपराही हलला, पण तिनं तो आवरला.

"उतर मंग."

"तू बलाव."

"उनी आपली आपली, आनि बलावनं मी?"

"हा."

नणंदेनं पदर खोचला. मग नणंद म्हणाली, "मन्ही पोळी खाशी का? गोधडीसारखी?"

आत्याबाईंनी गाडीची कड धरली. पोळी सोड, त्या घरचं पाणीही चालत नव्हतं. मग त्यांनी पाय खाली टाकला आणि उतरल्या. "खासू."

नणंदेनं डाळ शिजत घातली, खापर मांडलं. मी मदतीला उठले तर माझ्यावर डोळे वटारले: "तू बठ. पानवाली." पानासारख्या पोळीची म्हणून पानवाली मी! पुढं दोघी म्हाताऱ्या झालो तरी भेटली की ती मला तेच म्हणायची. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदराच्या गाठीशी खेळत. पहिली पोळी ताटात आली. त्यांनी तुकडा मोडला, तुपात बुडवला, चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. जावई बाहेरून आत वाकून बघत होते.

"जाड शे," आत्याबाई म्हणाल्या.

झालं, म्हटलं मी मनात. आता आमची रात्र नदीत.

"शेच," नणंद म्हणाली.

आणि दोघी हसल्या. अशा हसल्या की आत्याबाईंना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं, त्याच घरचं. ते त्या घटाघटा प्यायल्या. मग ताट पुढं करून म्हणाल्या, "आनखी एक दे. ह्याना परीस जाड कर."

निघताना त्यांनी पदराची गाठ सोडली. म्हशीनं चाटून, पिठानं माखून त्या दाण्यांचा पार लगदा झाला होता. लेकीच्या तुळशीपुढे ठेवले आणि हात जोडले. मला म्हणाल्या, आता मिट ते पुस्तक.

घरी आल्यावर काकू वाटच बघत होती. "काय व्हयनं? टांगामा कोन व्हतं?"

"माय व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "त्या लिखनारानं मायले घरमा बसाडी ठेवं. घरमा बशीसन शेवट कसा सापडी त्याले?"

काकूनं तपकिरीची चिमूट घेतली, विचार केला, आणि हे तिला पटलं. मलाही पटलं. मास्तरांना पुस्तक परत पाठवलं तेव्हा आत्याबाईंनी हा निरोप त्या लिहिणाऱ्यापर्यंत पोचवायला सांगितला होता. पोचला की नाही, देव जाणे.

आखाजीला नणंद आली. झोक्यावर सगळ्यात उंच तीच गेली, आणि खापरापाशी आम्हा दोघींना शेजारी शेजारी बसवून आत्याबाई मुकाट्यानं दुसरीकडे जाऊन बसल्या. पंगतीत कुणीतरी खोडसाळपणे विचारलंच, कोणाची पोळी चांगली? तर म्हणाल्या, "मन्हा दात पडेल शेतस. मले काय समजस?" दात सगळे शाबूत होते.

तर पोरी, असं आहे. गोष्ट अर्ध्यावर सोडणारे तेव्हाही होते. तुझं ते दिवाळीत फेकलेलं पुस्तक मी उचलून ठेवलंय, रात्री उलटं धरून थोडं थोडं वाचते. बरं आहे गं, तू उगाच रागावलीस. फक्त एक कर. या आखाजीला ये. कैऱ्या लागल्यात, झोका बांधायला माणूस सांगून ठेवलाय, आणि खापर नवं आणलंय. तुझी पोळी कशी होते ते कुणाला सांगणार नाही. मी स्वतः मुऱ्हाळी होऊन आले असते, पण माझे गुडघे आता गाडीत चढत नाहीत. तेव्हा तूच ये. लवकर ये.